यंत्राची नाडी

वसईच्या होळी बाजारात उन्हाळ्याच्या तोंडावर मडकी येतात. घेणारी बाई मडके हातावर तोलते, बोटाच्या पेराने टिचकी मारते आणि कान देते. आवाज खणखणीत आला तर मडके पक्के. बद्द आला तर कुठेतरी तडा आहे, मग तो डोळ्यांना दिसो वा न दिसो. या टिचकीमागचे विज्ञान सोपे आहे. अखंड मडके एकसंधपणे कंप पावते. तडा असेल तर त्याच्या दोन कडा एकमेकींवर घासतात, कंपनांची ऊर्जा तेथेच खर्च होते आणि आवाज लवकर विरतो. रेल्वेच्या डब्यांची चाके हातोडीने वाजवून तपासणारा कामगार हेच करीत असे.

मडके आपणहून काही सांगत नाही. त्याला विचारावे लागते. गेल्या सुमारे ऐंशी वर्षांत मात्र अशी यंत्रे तयार झाली, की जी आपली दुखणी आपणच नोंदवून ठेवतात. माहिती साठवणारे सर्व्हर हे त्यांतले ठळक उदाहरण. अशा यंत्राच्या पोटात त्याच्या प्रकृतीची तपशीलवार रोजनिशी सतत लिहिली जात असते. ही रोजनिशी लिहिण्याची कल्पना कशी विकसित झाली आणि ती वाचण्याचे काम कोणाचे, याचा हा थोडक्यात इतिहास आहे. त्याची सुरुवात आम्ही आमच्याच एका फजितीपासून करतो.

एक सर्व्हर आणि काही वह्या

वसईच्या पश्चिम पट्ट्यातील वाड्यांमध्ये बावखले असतात. बावखल म्हणजे वाडीत खोदलेले गोड्या पाण्याचे तळे. पावसाळ्यात ते भरते, त्याचे पाणी हळूहळू जमिनीत मुरते आणि आसपासच्या विहिरींना गोडवा देते. खाडी आणि समुद्र जवळ असल्याने हा गोडवा टिकणे महत्त्वाचे. काही वर्षांपूर्वी आम्ही होळी परिसरातील बावखलांच्या आणि विहिरींच्या पाण्याची पातळी व खारटपणा नोंदवण्याचे छोटेसे काम हाती घेतले होते. पाण्यात सोडलेली स्वयंचलित उपकरणे दर पंधरा मिनिटांनी वाचन घेत. शिवाय जवळच्या शाळांतील मुले आठवड्यातून एकदा काठी आणि दोरी घेऊन पातळी मोजत आणि वहीत लिहीत. उपकरणांची वाचने एका संस्थेतल्या सर्व्हरवर साठवली जात.

या सर्व्हरमध्ये आठ हार्ड डिस्क होत्या. त्यांची रचना अशी होती, की एखादी डिस्क बंद पडली तरी उरलेल्या सातांवरून तिच्यावरची माहिती पुन्हा तयार करता यावी. एके दिवशी एक डिस्क खरोखरच बंद पडली. नवी बसवली, पुनर्बांधणी सुरू झाली, आणि ती मध्येच थांबली. दुसऱ्या एका डिस्कवरचे काही भाग वाचता येईनात. त्या भागांवर एका संपूर्ण उन्हाळ्याची वाचने होती. दुसरीकडे ठेवलेली प्रत सहा महिन्यांपूर्वीची होती.

त्यानंतर आम्ही दोन चुका केल्या. पहिली म्हणजे घाबरून सर्व्हर बंद करून पुन्हा चालू केला. त्यामुळे तात्पुरत्या स्मृतीत असलेल्या बऱ्याच नोंदी पुसल्या गेल्या. दुरुस्तीला आलेल्या तंत्रज्ञाने पहिला प्रश्न विचारला, "चालू असतानाचा रिपोर्ट काढून ठेवला आहे का?" नव्हता. दुसरी चूक वेळेची. जो रिपोर्ट हाती आला, त्यात डिस्क सांभाळणाऱ्या कार्डाच्या नोंदी ग्रिनिच वेळेत होत्या, तर संगणकाच्या नोंदी भारतीय वेळेत. साडेपाच तासांचा हा फरक लक्षात येईपर्यंत आम्ही परिणामालाच कारण समजत होतो.

खरा धक्का पुढे होता. त्या दुसऱ्या डिस्कने आपले काही भाग वाचता येत नाहीत ही गोष्ट कित्येक आठवडे आधीपासून नोंदवली होती. सर्व्हर तसे इशाऱ्याचे पत्रही नेमाने पाठवत होता. पण ते ज्यांच्या पत्त्यावर जात होते, ते सहकारी निवृत्त झाले होते. पत्ता बदलण्याचे कोणाच्या ध्यानातच आले नव्हते.

दोन हजार सातशे व्हॉल्व्ह

यंत्राने स्वतःची तपासणी करावी ही गरज संगणकाच्या जन्माबरोबरच निर्माण झाली. १९४६ साली अमेरिकेत जाहीर झालेल्या 'एनिअॅक'मध्ये सुमारे १८ हजार निर्वात नलिका, म्हणजे व्हॉल्व्ह, होते. आपल्याकडे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत प्रा. आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली तरुण संशोधकांच्या गटाने संगणक बांधायला घेतला. त्याची छोटी प्रायोगिक आवृत्ती १९५६ मध्ये चालू झाली आणि पूर्ण यंत्र १९६० मध्ये वापरात आले. हाच 'टिफ्रॅक'. त्यात २७०० व्हॉल्व्ह, १७०० जर्मेनियम डायोड आणि १२,५०० रोधक होते. स्मृती होती २०४८ शब्दांची, प्रत्येक शब्द ४० अंकांचा. ही स्मृती फेराइटच्या बारीक कड्यांची बनलेली होती. त्या काळी हे तंत्र जगातही नवेच होते.

आता एक गणित करून पाहू. समजा, एका व्हॉल्व्हचे सरासरी आयुष्य १०,००० तास आहे. दिवसरात्र चालवला तर तो वर्षाहून अधिक टिकेल, म्हणजे चांगलाच टिकाऊ. पण असे २७०० व्हॉल्व्ह एकत्र असतील तर सरासरी १०,००० भागिले २७००, म्हणजे साधारण दर पावणेचार तासांनी त्यांपैकी एक तरी जाईल. हे गणित केवळ उदाहरणादाखल आहे. व्हॉल्व्ह बेताने वापरला तर त्याचे आयुष्य पुष्कळ वाढते आणि जुन्या अभियंत्यांनी तेच केले. पण त्यातला धडा आजही खरा आहे. एक वस्तू कितीही विश्वासू असली तरी हजारोंच्या समूहात रोज कोणीतरी आजारी असणारच.

मग आजारी कोण हे आधीच कसे ओळखायचे? अमेरिकेतील एमआयटीमध्ये जे फॉरेस्टर यांच्या गटाने 'व्हर्लविंड' या संगणकासाठी एक नामी युक्ती वापरली. म्हातारा होत चाललेला व्हॉल्व्ह नेहमीच्या विद्युतदाबावर कसेबसे काम करतो, पण परिस्थिती थोडी बिघडली की मान टाकतो. म्हणून त्यांनी कामाच्या वेळेबाहेर चाचणीचा कार्यक्रम चालवला आणि तो चालू असताना एकेका भागाचा विद्युतदाब मुद्दाम वरखाली केला. जो भाग आधी चुकेल, त्यातले दुबळे व्हॉल्व्ह काढून टाकायचे. हृदयाची तपासणी करताना डॉक्टर रोग्याला पट्ट्यावर चालायला लावतात, त्यातला हा प्रकार. दुखणे कामाच्या वेळी उपटण्याऐवजी तपासणीच्या वेळी उघड व्हावे, हे या युक्तीचे सार. ज्या फेराइट कड्यांची स्मृती पुढे टिफ्रॅकमध्ये आली, ती १९५३ मध्ये व्हर्लविंडवरच प्रथम चालती झाली होती.

हॅमिंग यांचा शनिवार-रविवार

दुसरा धागा गणिताचा आहे. १९४७ च्या सुमारास बेल प्रयोगशाळेत रिचर्ड हॅमिंग नावाचे गणिती रिले वापरणाऱ्या एका संगणकावर काम करीत. त्यांना यंत्र मिळे ते शनिवार-रविवारी, म्हणजे राखण करायला कोणी नसताना. ते यंत्र आपली चूक झाली हे ओळखू शकत असे. चूक दिसली की ते काम सोडून पुढच्या माणसाचे काम हाती घेई. हॅमिंग सोमवारी सकाळी येत, तो त्यांचे काम अर्धवट टाकलेले. असे लागोपाठ घडल्यावर त्यांना साहजिक प्रश्न पडला. यंत्राला चूक झाली हे कळते, तर ती कोठे झाली हे का कळू नये? कोठे ते कळले, की दुरुस्ती सोपी, कारण अंक फक्त ० आणि १ हेच असल्याने एक चुकला असेल तर दुसरा बरोबर. या विचारातून त्यांनी चुका सुधारणारे संकेत शोधले आणि १९५० मध्ये प्रसिद्ध केले.

ही कल्पना वर्गात दहा मिनिटांत दाखवता येते. पत्त्यांच्या जोडातून २५ पाने घ्या आणि मुलांना ती पाच ओळी व पाच रकान्यांत हवी तशी, काही उलटी काही सुलटी, मांडू द्या. मग 'थोडे अवघड करू या' असे म्हणून शिक्षकाने सहावी ओळ आणि सहावा रकाना जोडायचा. प्रत्येक ओळीत आणि प्रत्येक रकान्यात उलट्या पानांची संख्या सम होईल अशी ही जास्तीची पाने ठेवायची. आता पाठ करून उभे राहा आणि एका मुलाला कोणतेही एक पान उलटायला सांगा. वळून पाहिल्यावर एका ओळीत आणि एका रकान्यात उलट्या पानांची संख्या विषम झालेली दिसेल. त्यांच्या छेदावरचे पान म्हणजेच चोर.

खेळ येथेच थांबवू नये. एकाच ओळीतली दोन पाने उलटायला सांगा. आता ओळ सम राहते, पण दोन रकाने विषम होतात. गडबड झाली हे कळते, पण ती कोणत्या ओळीत हे कळत नाही. मग आयताच्या चार कोपऱ्यांवरची चार पाने उलटा. काहीच कळत नाही, सारे आलबेल दिसते. प्रत्येक तपासणीला मर्यादा असतात आणि 'दोष आढळला नाही' म्हणजे 'दोष नाही' असे नव्हे, हे मुलांना या तीन फेऱ्यांतून व्याख्यानाशिवाय समजते.

चकत्यांचा कळप

१९५६ मध्ये आयबीएमने 'रॅमॅक' यंत्रातून जगातली पहिली व्यापारी हार्ड डिस्क आणली. २४ इंच व्यासाच्या ५० चकत्या आणि त्यांवर ५० लाख अक्षरे. एखाद्या मोठ्या कपाटाएवढा हा पसारा होता. आज हातात मावणाऱ्या डिस्कवर २० टेराबाइटहून अधिक, म्हणजे त्याच्या सुमारे ४० लाख पट माहिती मावते. यासाठी वाचन-लेखन करणारे टोक चकतीपासून अवघ्या काही नॅनोमीटर अंतरावरून तरंगत जावे लागते. इतक्या नाजूक व्यवहारात अपघात होणारच.

१९८८ मध्ये बर्कले विद्यापीठातील डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी अनेक स्वस्त डिस्कचा कळप एका मोठ्या डिस्कसारखा वापरण्याच्या पद्धतींची मांडणी केली. 'रेड' हे त्यांनी दिलेले नाव आजही चालते. त्यामागे सम-विषमाचेच गणित आहे. समजा, तीन डिस्कवर एकाच जागी १, ०, १ हे अंक आहेत. चौथ्या डिस्कवर असा अंक लिहायचा, की एकूण १ ची संख्या सम व्हावी. येथे ती आधीच दोन आहे म्हणून चौथा अंक ०. आता दुसरी डिस्क गेली. उरले १, ?, १, ०. सम संख्या हवी म्हणून ? म्हणजे ०. हरवलेले परत मिळाले.

पण पुनर्बांधणी चालू असताना तिसऱ्या डिस्कवरची तीच जागा वाचता आली नाही तर? उरले १, ?, ?, ०. दोन प्रश्नचिन्हांपैकी एक ० आणि एक १ असणार हे कळते, पण कोणते कोठे हे सांगता येत नाही. एक समीकरण आणि दोन अज्ञात. शाळेतल्या बीजगणितात जे सुटत नाही ते लाखो रुपयांच्या यंत्रातही सुटत नाही. आमच्या उन्हाळ्याचे नेमके हेच झाले होते. अलीकडे मोठ्या कळपांत दोन जास्तीच्या डिस्क ठेवतात, ते यासाठीच. शिवाय सर्व जागा ठरावीक काळाने वाचून पाहिल्या, तर असे मुके बिघाड वेळेवर सापडतात.

डिस्क बोलू लागते

डिस्कने आपली प्रकृती स्वतः सांगावी याची सुरुवात १९९२ मध्ये आयबीएमच्या काही डिस्क-संचांपासून झाली. पुढे कॉम्पॅक आणि डिस्क बनवणाऱ्या काही कंपन्यांनी मिळून १९९५ च्या सुमारास त्याला सर्वमान्य रूप देण्याचे काम सुरू केले. त्यातून 'स्मार्ट' ही पद्धत तयार झाली. तिच्यात डिस्क काही गोष्टी सतत मोजते. एकूण किती तास चालली, तापमान किती, किती वेळा चालू-बंद झाली, इत्यादी. यांतल्या दोन नोंदी विशेष महत्त्वाच्या. डिस्कवरची जागा छोट्या छोट्या खंडांत विभागलेली असते. एखादा खंड वाचता येईनासा झाला की त्याची 'प्रतीक्षेत' म्हणून नोंद होते. पुढे त्यावर लिहिण्याची वेळ आली आणि तो खराबच निघाला, तर त्याच्या जागी राखीव खंड वापरला जातो आणि 'बदललेल्या खंडांची' संख्या एकाने वाढते.

या आकड्यांवरून डिस्क शेवटी एक शब्दाचा निकाल देते, 'ठीक' किंवा 'नापास'. पण उत्पादकाने ठरवलेली मर्यादा ओलांडेपर्यंत निकाल 'ठीक' असाच येतो. प्रगतिपुस्तकावर केवळ 'उत्तीर्ण' शिक्का पाहणारा पालक आणि प्रत्येक विषयाचे गुण मागच्या परीक्षेशी ताडून पाहणारा पालक, यांत जो फरक, तोच येथे आहे. आमच्या दुसऱ्या डिस्कचा निकालही शेवटपर्यंत 'ठीक' होता. प्रतीक्षेतल्या खंडांचा आकडा मात्र दर आठवड्याला वाढत होता.

हे आकडे डिस्कमधून काढून वाचण्यासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या 'स्मार्टमॉनटूल्स' या मुक्त प्रणालीची कथा मनोरंजक आहे. ती पुढे आणली ब्रूस अॅलन यांनी, २००२ पासून. अॅलन हे संगणकतज्ज्ञ नव्हेत. ते गुरुत्वीय लहरींचा अभ्यास करणारे भौतिकशास्त्रज्ञ. या लहरींचे संकेत गोंगाटात इतके बुडालेले असतात, की ते शोधण्यासाठी अपेक्षित आकाराच्या असंख्य नमुन्यांशी वाचने ताडून पाहावी लागतात. या ताडून पाहण्याच्या पद्धतीचा पाया घालण्यात पुण्याच्या आयुकातील प्रा. संजीव धुरंधर आणि त्यांचे सहकारी बी. एस. सत्यप्रकाश यांचा १९९० च्या दशकातील मोठा वाटा आहे. असे काम म्हणजे शेकडो संगणक आणि शेकडो डिस्क. त्यांतली आज कोणती जाणार हे कळणे ही शास्त्रज्ञाचीच गरज होती, म्हणून शास्त्रज्ञानेच हत्यार घडवले. १४ सप्टेंबर २०१५ रोजी पहिली गुरुत्वीय लहर सापडली. या लहरी टिपणारी वेधशाळा आपल्याकडे हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभारण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने २०२३ मध्ये अंतिम मंजुरी दिली आहे.

रिपोर्ट काय सांगतो, काय नाही

या नोंदींवर विश्वास किती ठेवावा? २००७ मध्ये गूगलच्या संशोधकांनी एक लाखाहून अधिक डिस्कच्या निरीक्षणांवर आधारलेला निबंध सादर केला. त्यात दोन निष्कर्ष शेजारी शेजारी आहेत. तपासणीत वाचनाची पहिली चूक सापडल्यानंतरच्या ६० दिवसांत डिस्क निकामी होण्याची शक्यता, अशी चूक नसलेल्या डिस्कच्या ३९ पट निघाली. म्हणजे इशारा मिळाला तर तो गंभीर मानावा. पण निकामी झालेल्या डिस्कपैकी ५६ टक्क्यांहून अधिक डिस्कमध्ये चार प्रमुख लक्षणांपैकी एकही दिसले नव्हते. म्हणजे इशारा नाही म्हणून निर्धास्त राहू नये. त्याच परिषदेत बियांका श्रोडर आणि गार्थ गिब्सन यांनी दाखवले, की उत्पादकांच्या माहितीपत्रकावरून वर्षाला एक टक्क्याहून कमी डिस्क जायला हव्यात, पण प्रत्यक्षात दोन ते चार टक्के बदलाव्या लागणे ही सामान्य गोष्ट आहे.

पत्त्यांच्या खेळातली तिसरी फेरी आठवावी. रिपोर्ट म्हणजे भविष्य नव्हे. तो साक्षीदार आहे. तो खोटे बोलत नाही, पण सर्व काही पाहिलेले असते असेही नाही. म्हणून रिपोर्ट वाचणे आणि माहितीची वेगळी प्रत ठेवणे या दोन्ही गोष्टी लागतात. एक दुसरीची जागा घेत नाही.

आजच्या सर्व्हरमध्ये साक्षीदार तीन-चार असतात. मुख्य संगणकापासून स्वतंत्र असा एक छोटा देखरेख-संगणक मदरबोर्डवरच असतो. मुख्य यंत्र बंद असले तरी वीज जोडलेली असेतो तो जागा राहतो आणि पंखे, तापमान, वीजपुरवठा यांच्या घटना लिहून ठेवतो. त्याच्याशी बोलण्याची सामाईक भाषा इंटेल व इतर कंपन्यांनी १९९८ मध्ये ठरवली. दुसरा साक्षीदार म्हणजे डिस्कच्या कळपाची राखण करणारे कार्ड. तिसरी प्रत्येक डिस्क स्वतः. चौथी संगणकाची कार्यप्रणाली. रिपोर्ट गोळा करणे म्हणजे या सर्वांच्या जबान्या एकाच वेळी घेऊन एका गाठोड्यात बांधणे. पंखा मंदावला, मग तापमान वाढले, मग डिस्कच्या चुका वाढल्या, असा क्रम एकट्या साक्षीदाराच्या जबानीतून दिसत नाही.

फजितीनंतर आम्ही काही साधे नियम केले. रिपोर्ट दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी काढायचा, बिघाड असो वा नसो, कारण निरोगी काळातले आकडे हातात असल्याशिवाय आजारातले आकडे समजत नाहीत. तो त्याच सर्व्हरवर न ठेवता दुसऱ्या यंत्रावर ठेवायचा. बिघाड झाला तर काहीही बंद किंवा सुटे करण्यापूर्वी रिपोर्ट घ्यायचा. सर्व घड्याळे एका वेळेला लावायची. इशाऱ्याची पत्रे दोन माणसांना जातील, आणि कोणी संस्था सोडली की त्याच दिवशी पत्ता बदलेल. शेवटचा नियम सर्वांत स्वस्त आहे आणि तोच आम्ही पाळला नव्हता.

कुलाब्याची वही

हे सारे कशासाठी, याचे उत्तर देणारे उदाहरण मुंबईतच आहे. कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या नोंदी होत. १ आणि २ सप्टेंबर १८५९ ला सूर्यावरील उद्रेकामुळे इतिहासातले एक प्रचंड चुंबकीय वादळ झाले. त्या वेळी कुलाब्याच्या निरीक्षकांनी डोळ्यांनी पाहून हाताने आकडे लिहिले. २००३ मध्ये ब्रूस त्सुरुतानी यांनी भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या गुरबक्षसिंग लखीना आणि इतरांबरोबर त्या नोंदी पुन्हा अभ्यासल्या. क्षेत्राचा क्षितिजसमांतर घटक सुमारे १६०० नॅनोटेस्लाने खाली आला होता. १४४ वर्षांनी कोणीतरी आपली वही उघडेल हे त्या निरीक्षकांना माहीत असण्याचे कारण नव्हते.

याच वेधशाळेची दुसरी गोष्ट आमच्या विषयाच्या अधिक जवळची आहे. मुंबईत विजेवरच्या ट्राम येणार हे ठरले तेव्हा त्यांच्या प्रवाहाने चुंबकीय वाचने बिघडणार हे उघड होते. संचालक नानाभाई मूस यांनी ट्राम धावू लागण्याची वाट पाहिली नाही. सुमारे ३० किलोमीटरवर अलिबागला नवी वेधशाळा बांधली गेली, आणि १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षे दोन्ही ठिकाणी एकाच वेळी वाचने घेतली. त्यामुळे दोन जागांच्या वाचनांतला फरक नेमका कळला आणि जुनी मालिका नव्या मालिकेला जोडता आली. पहिली विजेची ट्राम मुंबईत १९०७ मध्ये धावली. व्हर्लविंडच्या अभियंत्यांप्रमाणे मूस यांनीही बिघाड येण्याआधीच त्याची व्यवस्था केली. फरक इतकाच, की त्यांचे यंत्र बोलत नव्हते, त्यामुळे त्याच्या वतीने माणसांना जागे राहावे लागले.

आमच्या हरवलेल्या उन्हाळ्याचे पुढे काय झाले तेही सांगायला हवे. शाळांतून मुलांच्या वह्या मागवल्या. आठवड्याला एक वाचन, कोठे शाईचा डाग, कोठे 'आज काठी विसरलो' असा प्रामाणिक शेरा. दर पंधरा मिनिटांच्या वाचनांची जागा त्या घेऊ शकत नव्हत्या, पण पाणी कोणत्या आठवड्यात किती उतरले हे त्यांतून ठरवता आले. तो शेरा आम्हांला विशेष मोलाचा वाटला. त्या आठवड्याचा आकडा नव्हता, पण तो का नाही हे लिहिलेले होते. विज्ञानाच्या वहीत आकड्यांसाठी जसा रकाना असतो, तसा उपकरणाच्या प्रकृतीसाठीही एक असावा. तराजू शून्यावर होता का, तापमापीचा पारा तुटलेला नव्हता ना, घड्याळ कोणत्या घड्याळाशी जुळवले, हे प्रत्येक प्रयोगाच्या वेळी मुलांनी लिहावे आणि शिक्षकांनी तो रकाना गुण देताना वाचावा. तो कोणी वाचतो हे कळले, की मुले तो भरतात.